विशेष संदर्भ : नरखेड तालुका

बाई, परवा नागपूरहून आलीस तेव्हा पिशवीतून काढून दिलेला कागद मी रात्री दोनदा वाचला. ‘संत्रा उत्पादक शेतकऱ्यांच्या विपणन समस्यांचा अभ्यास : विशेष संदर्भ नरखेड तालुका.’ एम.बी.ए.च्या शेवटच्या सत्राचा लघुप्रबंध, आणि गाईडनं सांगितलंय की त्यातूनच एक शोधनिबंधही निघाला पाहिजे. तू विचारलंस, “मामाजी, नाव बरं आहे का?” तेव्हा जेवणं व्हायची होती, म्हणून बोललो नाही. आता नीट लिहितो.

कॉलेजात वाणिज्य शिकवत असताना या नावाचे प्रबंध मी किती तपासले, त्याची मोजदाद नाही. तालुक्याचं नाव खोडून काटोल लिहा, वरुड लिहा, मोर्शी लिहा, आतलं एक वाक्य बदलावं लागत नाही. मग विशेष संदर्भ उरला कुठं? आणि ‘समस्या’ विचारत फिरलीस तर उत्तरं तुला आजच पाठ आहेत. भाव नाही, तोडायला मजूर नाही, व्यापारी अर्धी बाग तोडून चुरी, म्हणजे बारीक फळ, झाडावर सोडून जातो, बांगलादेशानं आयात शुल्क वाढवत नेलं. हे सगळं खरं आहे. पण एकशेवीस जणांकडून तेच लिहून आणलंस तर आपल्या माहितीत कवडीची भर पडत नाही. कामाला लागण्याआधी स्वतःला एकच विचार : माझ्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं त्याच्या उलट आलं, तर ते मला ओळखू येईल का? ज्या प्रश्नाचं उत्तर उलटं येऊच शकत नाही, तो टाकून दे.

तुझ्या घरातलाच प्रश्न घे. आंबिया बहाराचं फळ झाडावर असतं, ऑगस्ट-सप्टेंबरात व्यापारी बागेतून एक चक्कर मारतो, ईसार देतो आणि सगळी बाग ठोक बोलून टाकतो. काही जण देऊन मोकळे होतात. काही जण थांबतात, ऑक्टोबर ते डिसेंबर स्वतः तोडतात आणि काटोलला, वरुडला किंवा नागपूरच्या कळमना बाजारात माल नेतात. तुझे बाबा बहुतेक साली झाडावरच देतात, आणि तुझी आई दर साली म्हणते की थांबलो असतो तर जास्त मिळाले असते. दोघांपैकी बरोबर कोण? हा व्यवस्थापनाचा अस्सल प्रश्न आहे. जोखीम कुणी उचलायची, पैसा आधी हवा की नंतर, आणि भाव ठरवताना माहिती कुणाकडे जास्त, हे तिन्ही धडे तुझ्या पुस्तकात आहेत. तर प्रश्न असा लिही : यंदाच्या आंबिया बहारात बाग झाडावर देणाऱ्याच्या आणि स्वतः तोडून विकणाऱ्याच्या हाती झाडामागे निव्वळ किती रुपये पडले, आणि झाडावर देण्याचा निर्णय कशावर ठरला? एक बहार, एक तालुका, दोन वाटा. बस्स.

फळांच्या सौद्यावर काय संशोधन करायचं, असं वर्गात कुणी म्हणालं तर त्याला एक सांग. धनंजयराव गाडगीळ नागपुरात वाढले, केंब्रिजला शिकून आले आणि १९३० साली पुण्यात निघालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. त्या संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या प्रकाशनांपैकी एक, १९३३ चं, पुण्यातल्या फळांच्या विक्रीव्यवस्थेच्या पाहणीचं आहे. पुढे देशाच्या नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झालेल्या माणसाला फळबाजाराचा हिशेब लहान वाटला नव्हता.

आता या प्रश्नातले खड्डे पाहा. मला सगळ्यात जास्त वेळ इथंच घालवावासा वाटतो, कारण पुढे सगळं बिघडतं ते इथल्या घाईनं.

समज, तू स्वतः विकणारे साठ आणि झाडावर देणारे साठ गाठलेस. सरासरी काढलीस, आणि स्वतः विकणाऱ्यांना जास्त पैसे मिळालेले दिसले. लगेच ‘शेतकऱ्यांनी बाग झाडावर देऊ नये’ असं लिहिशील? थांब. पहिली गोष्ट, ऑगस्टात पाऊस लागून राहिला की फळगळ होते. ज्यानं थांबायचं ठरवलं आणि ज्याचं अर्धं फळ खाली पडलं, तो डिसेंबरात बाजारात भेटणारच नाही. बाजारात जाऊन माणसं गोळा केलीस तर ज्यांचं फळ टिकलं तेवढेच तुझ्या वहीत येतील आणि थांबणं फायद्याचं वाटेल. म्हणून माणसं बाजारातून निवडू नकोस, गावातून निवड, आणि ‘काय ठरवलं होतं’ आणि ‘काय झालं’ हे दोन वेगळे प्रश्न ठेव.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. झाडावर कोण देतं? ज्याला सोसायटीचं कर्ज भरायचं आहे, ज्याच्या घरी लग्न आहे, ज्याच्याकडं तोडायला माणसं नाहीत, ज्याच्या बागेत डिंक्या रोग शिरलाय आणि फळ टिकेल याची खात्री नाही. म्हणजे दोन्ही गट मुळातच सारखे नाहीत. त्यांच्या पैशातला फरक विक्रीच्या वाटेमुळं आला की आधीच्या अडचणीमुळं, हे नुसत्या सरासरीतून सांगता येत नाही. त्यासाठी प्रत्येकाला बागेचं वय, झाडांची संख्या, ओलिताची सोय, डिंक्याची झाडं किती, घरात काम करणारी माणसं किती आणि जुलै-ऑगस्टात पैशाची तातडीची गरज होती का, हे विचारावं लागेल. मग सारख्याला सारखं लावून पाहायचं. विहिरीला पाणी असलेल्या आठ-दहा वर्षांच्या बागा एका बाजूला, म्हाताऱ्या बागा दुसऱ्या बाजूला. एवढं करूनही फरक उरला तरी ‘मुळे’ हा शब्द वापरताना हात आखडता घे. ‘झाडावर देण्याशी कमी उत्पन्न जोडलेलं दिसतं’ इथपर्यंत तुझा अधिकार. आजकाल संगणक क्षणात समीकरण काढून देतो आणि मुलं त्याच्या जोरावर ‘परिणाम सिद्ध झाला’ असं लिहून मोकळी होतात. अडचण मोजलीच नसेल तर समीकरणाला ती कुठून कळणार?

प्रश्नावली लिहायच्या आधी रिकामे तक्ते काढ. कोरा कागद घे, निबंधात शेवटी जे चार-पाच तक्ते छापून यावेत असं तुला वाटतं, त्यांचे रकाने आख, वर मथळा लिही, आकडे मोकळे सोड. मग प्रत्येक रकान्याकडं बोट ठेवून विचार : हा आकडा मला कोणत्या प्रश्नातून मिळणार? ज्या रकान्याला प्रश्न नाही, त्यासाठी प्रश्न घाल. आणि ज्या प्रश्नाचा आकडा कोणत्याही तक्त्यात बसत नाही, तो काढून टाक, मग तो गाईडच्या मागच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नावलीत असो. माझा अनुभव असा की या एका बैठकीत साठ प्रश्नांची प्रश्नावली पंचवीसवर येते. शेतकऱ्याचा तासभर वाचतो आणि तुझे दोन महिने.

मोजायचं कशात, तेही आत्ताच ठरव. आपल्याकडं संत्र्याची बाग एकरात कुणी सांगत नाही, झाडांत सांगतात. “तीनशे झाडं हायेत.” म्हणून सगळा हिशेब झाडामागे ठेव, आणि एकर फक्त ताळ्यासाठी विचार. सहा मीटर बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी २७७ झाडं बसतात, म्हणजे एकरी ११२ च्या आसपास. जुन्या लोकांनी अठरा फुटांवर लावलेल्या बागेत एकरी १३४ बसतात. कुणी दोन एकरांत पाचशे झाडं म्हणाला तर एक तर ती दाट लागवड आहे, नाही तर पडलेली झाडंही धरली आहेत. तिथंच, त्याच्यासमोर विचारून घे. घरी येऊन आकडा ‘सुधारू’ नकोस.

भावाचंही तसंच. कुणी टनाचा भाव सांगेल, कुणी कॅरेटचा, जुना माणूस हजार फळांचा सांगेल, आणि झाडावर देणारा नुसती ठोक रक्कम सांगेल. कॅरेटमध्ये किलो किती, हे ऐकून लिहू नकोस, दोन-चार ठिकाणी वजन करून घे. ‘निव्वळ’ काढताना तोडाई, भरणी, गाडीभाडं, हमाली, काट हे सगळं वजा करावं लागतं. २०१६ पासून आपल्या राज्यात फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असा नियम आहे. पण नियम काय आहे हे तुला विचारायचं नाहीच. ‘यंदाची पट्टी दाखवता का’ एवढंच म्हण, आणि विक्रीच्या हिशेबाच्या त्या कागदावर जे कापलं असेल ते उतरव. पट्टी नसेल तर ‘पट्टी नाही’ अशी खूण कर. तोंडी आकडा आणि कागदावरचा आकडा यांची वेगळी नोंद ठेवलीस तर पुढं दोन्हींची तुलना करता येईल, आणि परीक्षकाच्या पहिल्याच शंकेला तुझ्याकडं उत्तर असेल. सरकारच्या ॲगमार्कनेटवर बाजाराचे रोजचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर मिळतात, तेही शेजारी लाव. मात्र तिथला ‘सर्वसाधारण’ म्हणजे जास्तीत जास्त माल ज्या दरानं गेला तो दर. त्याला सरासरी समजू नकोस.

मोजणाऱ्याचा हात कसा चुकतो, याची एक गोष्ट माझे सर आम्हाला सांगायचे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्रातलं मोठं नाव. शेतात लहानसा तुकडा आखून, तेवढंच पीक कापून उत्पन्नाचा अंदाज करायची तेव्हा पद्धत होती. १९४६ च्या सुमारास सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा जितका लहान तितका अंदाज फुगतो. कारण साधं होतं. आखलेल्या रेषेवर उभी असलेली रोपं कापणारा माणूस नकळत आत धरतो, आणि तुकडा लहान असला की आतल्या पिकाच्या मानानं काठ जास्त असतो. त्यात लबाडी कुणाचीच नव्हती. तुझ्या कामातही असे काठ येतील. माणूस झाडावर दिली म्हणतो, पण शेवटची चुरी त्यानं स्वतः विकलेली असते. त्याला कुठं घालायचं? अशा प्रत्येक काठावरच्या माणसाचा नियम पहिल्या दिवसाआधी वहीत लिहून ठेव. दर वेळी मनानं ठरवलंस तर तुझ्या मनाला हवं असलेलं उत्तर हळूच आत शिरतं.

आता संख्या. वर्गातल्या निम्म्या पोरांनी ३८४ लिहिलं असेल. तो आकडा आकाशातून पडलेला नाही. १.९६ चा वर्ग, गुणिले ०.५, गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग, बरोबर ३८४. क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यात मोठ्या समूहापुढं तो दिसतो. पण तो एका टक्केवारीचा अंदाज करायला आहे, आणि तोही माणसं चिठ्ठ्या टाकून निवडली असतील तर. तुला दोन गटांची तुलना करायची आहे. तिथं लहान गट किती मोठा, यावर सगळं अवलंबून. एकशेदहा झाडावर देणारे आणि दहा स्वतः विकणारे मिळाले, तर तुझी तुलना दहा माणसांच्या आधारावर उभी आहे, एकशेवीसच्या नाही. वर्धा आणि जाम नदीच्या काठची ओलिताची दोन-तीन गावं घे, वरच्या कोरड्या अंगाची दोन-तीन घे. कृषी सहायकाला भेटून गावातल्या संत्रा बागांची यादी माग, यादीवर क्रमांक टाक आणि चिठ्ठ्या काढ. चौकात भेटेल त्याला धरशील तर चौकात बसायला वेळ असलेलेच मिळतील. सातबारा बापाच्या नावावर असतो आणि सौदा मुलगा करतो, हेही ध्यानात ठेव. ज्यानं सौदा केला त्याला विचार. आणि घरातल्या बाईला पाणी मागायच्या निमित्तानं नुसतं हाक मारू नकोस. मजुरीचा हिशेब बहुतेक घरांत तिच्या डोक्यात असतो.

‘समाधान’ मोजायचा मोह तुला होणारच, कारण पाच पायऱ्यांची मापनपट्टी प्रत्येक पुस्तकात आहे. लिकर्टनं ती १९३२ साली मांडली, चांगली आहे. पण आपल्या गावात ‘पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत’ वाचून दाखवलं की माणूस पाहुण्याचं मन राखतो आणि सगळ्याला “बरं हाय” म्हणतो. त्यापेक्षा दहा हरभऱ्याचे दाणे त्याच्या हातात दे. समोर चार वाट्या ठेव : पैशाची गरज, फळगळीची भीती, मजुरांची अडचण, व्यापाऱ्यावरचा विश्वास. निर्णयात ज्याचं जितकं वजन तितके दाणे टाकायला सांग. माणूस दाणे टाकतो, पुन्हा उचलतो, विचार करतो. तेच तुला हवं आहे. आणि मापनपट्टी वापरलीसच तर क्रॉनबाखचा १९५१ चा आल्फा ०.७० च्या वर आला म्हणून हुरळून जाऊ नकोस. एकच प्रश्न शब्द फिरवून आठ वेळा विचारला तरी तो वर येतो.

प्रश्नावली मराठीतच लिही. इंग्रजीत लिहून मराठी करशील तर ‘आपण विपणन माध्यमाची निवड कशी करता’ असली भाषा येईल, आणि समोरचा तुझ्याकडं पाहत राहील. ‘यंदा बाग कोणाले देली?’ असा सुरुवातीचा प्रश्न असावा. गाईडसाठी इंग्रजी करावंच लागेल. ते झालं की मूळ न पाहिलेल्या मैत्रिणीकडून ते पुन्हा मराठीत करून घे आणि दोन्ही ताडून पाहा. मग आठ-दहा जणांवर वापरून बघ, आणि ते आठ-दहा अंतिम मोजणीत धरू नकोस.

वेळेचं सांगतो. तुझं सत्र जानेवारीत सुरू होतं, हे चांगलं आहे. आंबिया नुकताच संपलेला असतो, पट्ट्या अजून खुंटीला अडकवलेल्या असतात, आठवण ताजी असते. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सगळी गावं उरक. त्यानंतर मृग बहाराचा तोडा सुरू होतो, माणूस बागेतून हलत नाही आणि त्याच्या डोक्यात दोन बहारांचे आकडे मिसळतात. दिवसाला चारच घरं धर. रात्री झोपायच्या आधी त्या चारी प्रश्नावल्या पुन्हा वाच. जे सुटलं असेल ते दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गावात विचारता येतं, महिन्यानं येत नाही.

मागच्या साली आपल्या शेजाऱ्यानं मला बांधावर अडवलं होतं. “मामाजी, एक पोट्टा आला होता, दोन तास कागद भरून घेऊन गेला. त्याचं का झालं?” मला काही सांगता आलं नाही. त्या पोराचं नाव-गाव मला ठाऊक नव्हतं, पण मी ज्या पेशात आयुष्य काढलं त्याच पेशाच्या नावानं तो आला होता, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. तू असं करू नकोस. जाताना सांग की मी कोण, कशासाठी विचारते, नाव कुठं येणार नाही, आणि नको वाटलं तर प्रश्न सोडून द्या. कर्जाचा आकडा आणि नाव एका कागदावर कधी ठेवू नकोस, क्रमांक दे आणि क्रमांकांची वही घरी ठेव. आणि निकाल लागला की एका पानाचा मराठी सारांश घेऊन त्या प्रत्येक गावात परत जा.

वाचनाबद्दल थोडंच. ‘अमुक यांनी म्हटलं आहे, तमुक यांनी म्हटलं आहे’ अशी माळ ओवू नकोस. एक तक्ता कर : कुणी, कुठं, कोणतं फळ, किती माणसं, काय मोजलं, काय निघालं. तो भरला की कोणता रकाना रिकामा राहतो ते आपोआप दिसतं, आणि तुझा अभ्यास का हवा हे तेवढ्यात सांगता येतं. नागपुरात १९८५ पासून लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आता त्याला केंद्रीय संस्था म्हणतात. बागेचं वय, रोग, उत्पादन याबद्दल तिथल्या लोकांचं लिखाण आधी वाच. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या पानावर असतं. तुझ्या शेतकऱ्याच्या सौद्यात त्या मानांकनाचा कुठं उल्लेख होतो का, एवढं विचारलंस तर ते पहिलं पान भरल्यासारखं होईल.

लिहिताना प्रस्तावनेपासून सुरू करू नकोस. आधी तक्ते भर. मग पद्धतीचं प्रकरण लिही, तेही क्षेत्रकाम चालू असतानाच, कारण चुका तेव्हाच आठवतात. मग निष्कर्ष, मग चर्चा, मग प्रस्तावना, आणि सारांश सगळ्यात शेवटी. फरक सांगताना ‘सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय’ एवढ्यावर थांबू नकोस. झाडामागे किती रुपये, आणि तीनशे झाडांच्या बागेला वर्षाला किती, हे लिही. तुझ्या बाबांना ते वाक्य समजलं पाहिजे.

आणि फरक निघालाच नाही तर? माझ्याकडच्या एका मुलीच्या कामात तसं झालं होतं. गट करून माल विकणाऱ्यांना जास्त भाव मिळतो, असं तिचं गृहीतक होतं, मिळत नव्हता. ती रडवेली होऊन आली, म्हणाली, सर, दोन गावं काढून टाकली तर बरोबर येतंय. मी तिला दोन्ही गावं ठेवायला लावली आणि का मिळत नाही हे शोधायला परत पाठवलं. गटाचा माल त्याच व्यापाऱ्याकडं, त्याच काट्यावर जात होता. मी गाईड म्हणून हाताळलेल्या कामांत तो सगळ्यात चांगला निबंध निघाला.

दुसऱ्याचं लिखाण उचलण्याबद्दल तुला सांगायची गरज नाही, पण यूजीसीचा २०१८ चा नियम माहीत असू दे. साम्य दहा टक्क्यांच्या पुढं गेलं की शिक्षेच्या पायऱ्या सुरू होतात. शब्द बदलून टक्का खाली आणणं हाही त्याच चोरीचा भाग आहे. आणि ‘पैसे भरा, आठ दिवसांत छापतो’ असा निरोप आला तर तो उघडूही नकोस. ज्या निबंधासाठी माणसांनी तुला त्यांच्या पट्ट्या काढून दाखवल्या, तो कुणीतरी नीट वाचून, चुका काढून मगच छापलेला असावा.

येत्या रविवारी ये. प्रश्नावली आणू नकोस, रिकामे तक्ते आण. आपण दोघं ते घेऊन शेजाऱ्याच्या बागेत जाऊ. त्यानं यंदा अर्धी बाग झाडावर दिली आणि अर्धी स्वतः तोडली, दोन्हींचा हिशेब त्याच्याकडं आहे. काठावरच्या माणसाचा तुझा नियम तिथंच लिहून काढू. त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र तूच दे.